पुढचीच्या टाचा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि बहुतेक वेळा लेखकाच्या पचनाविषयी शंका घेऊन पान उलटतो. भूत या शब्दाशी माझा संबंध भूतकाळापुरता — मी शाळेत इतिहास शिकवायचो. अमावास्येला प्रवास केला, पिंपळाखाली सायकल लावली, मांजर आडवं गेलं तेव्हा मांजराचीच कीव केली. त्यामुळे आता जे लिहितो आहे त्यात भूत नाही. मला भूत दिसलं नाही. मला टाचा दिसल्या... भरदुपारी, एप्रिलच्या उन्हात, सांगलीत.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी मूळचा रहिमतपूरचा, नोकरीनं सांगलीत आलेला. माधवनगरच्या रस्त्यानं गावाबाहेर पडलं की डाव्या हाताला तेव्हा नुसती काळी रानं होती. त्यातलं एक रान आम्ही काही शिक्षक आणि कारकून मंडळींनी मिळून घेतलं आणि गृहनिर्माण सोसायटी काढली. रानाच्या पश्चिमेला बांध, बांधापलीकडे तुकाआबांचा ऊस, उसातून पायवाट, आणि मैल-दीड मैल उतरत गेलं की कृष्णा.

सोसायटीचे चेअरमन होते अण्णासाहेब. साताऱ्याला कसल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि ते निवृत्त झाले आहेत ही बातमी फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचायची राहिलेली. त्यांना उद्घाटनाचं व्यसन होतं. जागेचं भूमिपूजन झालं, विहिरीचं जलपूजन झालं, सिमेंटच्या गोदामाची फीत तर सिमेंट यायच्या आधीच कापली गेली. (सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यामुळे फीतच आधी मिळाली.) प्रत्येक सभासदाला त्यांनी एकेका उपसमितीचं पद दिलं. मी पहिल्याच सभेत त्यांच्या भाषणाला हसलो होतो, म्हणून माझ्याकडे राबिट आलं. मी राबिट उपसमितीचा निमंत्रक. सदस्य कोणी नाही.

राबिट म्हणजे बांधकामाचा कचरा. फुटक्या विटा, वाळून दगड झालेला माल, चुन्याचे खडे, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, वाकलेले खिळे. त्या काळात यातलं काही फेकायची ऐपत कुणाची नव्हती. अर्ध्या विटा वेगळ्या काढायच्या, खिळे ठोकून सरळ करायचे, आणि उरलेला ढीग पुढच्या घराचं जोतं तयार झालं की त्याच्या पोटात भरायचा. तोवर तो ढीग कुठे ठेवायचा, एवढाच काय तो माझ्या खात्याचा प्रश्न. काळ्या मातीत मिसळला तर वाया, रस्त्यात टाकला तर बैलगाड्या अडणार. शेवटी पश्चिमेच्या बांधालगतची जागा ठरली. अण्णासाहेब जातीनं हजर होते — पहिलं घमेलं त्यांच्याच हस्ते पडायचं होतं.

तेवढ्यात तुकाआबा बांधावर येऊन उभे राहिले. पटका, हातात विळा.

“आवं, हितं नगा टाकू. हितं राबता हाय.”

“राबिट आहे?” अण्णासाहेब म्हणाले. “कुणाचं?”

“कुनाचा ते आमाला काय ठावं! पर हाय. लय आदीपास्नं.”

“मग तर उत्तमच! आधीचं आहे तर आपलंही त्यातच जाईल. वेगळी जागा अडायला नको.”

“आवं, राबता म्हनतोय मी...”

“तेच मी म्हणतोय. राबिटच टाकणार आम्ही. दुसरं काही नाही.”

तुकाआबांनी माझ्याकडे बघितलं. मीही राबिटच ऐकलं होतं, त्यामुळे मी मान डोलावली. “बरं. तुमची जागा, तुमी जाना,” असं म्हणून ते उसात शिरले. अण्णासाहेबांनी घमेलं रिकामं केलं. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणारे आम्ही तिघे.

आता कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. राबिट वाहायला पाच-सहा बायका होत्या. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर भरलेलं घमेलं, आणि एकीमागे एक अशी ओळ. एकदा मी ओळीतल्या गंगूबाईला वाटेत काहीतरी विचारलं, तर तिनं घमेलं ओतून परत येताना मला झापलं. ती सगळ्यांत वयस्क, ओळीच्या पुढे तीच असायची.

“सर, वज्जं डोईवर असताना हाक मारू नगा. मान वळवली तर मानंचा काटा ढिला व्हतो.”

“मग तुम्ही बघता कुठं?”

“कुटं म्हंजी? फुडलीच्या टाचा. फुडली चालली का चालायचं, थांबली का थांबायचं.”

“आणि सगळ्यांत पुढची?”

“तिनं बगावी की आपली वाट!” आणि बायका हसल्या. प्रश्न खरंच बावळट होता.

पंधरा-वीस दिवसांनी, ढीग चांगला कमरेएवढा झाल्यावर, एका दुपारी ही ओळ ढिगाच्या अलीकडे मध्येच थांबली. डोक्यावर भरलेली घमेली, वरून ऊन, आणि बायका नुसत्या उभ्या. मुकादम बापू ओरडला, “काय गं, फोटू काढायला हुब्या ऱ्हायलाय व्हय?”

गंगूबाई म्हणाली, “फुडली थांबली न्हवं.”

“फुडं तूच हायेस की गं बये!”

पुन्हा हशा. गंगूबाईही हसली, पण जरा उशिरा. मी घरी येऊन बायकोला हा विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, “उन्हात त्यांना ताक तरी देत जा.”

त्यानंतर मी त्या ओळीकडे बघायला लागलो. बघू नये असं ठरवून बघायला लागलो, असं म्हणणं जास्त खरं. तेव्हा सकाळची शाळा असायची, दुपार मोकळी. गंगूबाईच्या पुढे काही नव्हतं. नुसती वाट. पण मोकळ्या वाटेवरून चालणारं माणूस आपल्या चालीनं चालतं आणि कुणाच्या तरी मागून चालणारं माणूस वेगळं चालतं — मध्येच पाऊल आखडतं, मध्येच अंतर भरून काढतं. लग्नाच्या पंगतीत वाढायला निघालेली माणसं आठवा. गंगूबाई ढिगाजवळ आली की तशी चालायची. हे मी कुणाला बोललो नाही. ज्या समितीला सदस्यच नाहीत तिच्या निमंत्रकानं सांगायचं तरी कुणाला?

मग एका दिवशी ती ढिगाला वळसा घालून सरळ पुढे गेली. ओळ तिच्या मागे. बांध ओलांडला, उसाच्या पायवाटेला लागल्या. बापू शिव्या देत धावला आणि गंगूबाईच्या पुढे जाऊन आडवा उभा राहिला, तेव्हा ओळ थांबली. गंगूबाई परत आली ती घमेलं टाकून मटकन खालीच बसली.

“मी न्हाई आता फुडं ऱ्हानार. मागं कुटंबी लावा.”

“का? फुडं वाघ हाय?” बापूनं टोमणा मारला. “सकाळी मिसरी जास्ती झालीया म्हातारीला.”

“व्हय, झाली! तू ऱ्हा फुडं. घे घमेलं.”

बापूनं घमेलं घेतलं नाही. त्यानं हौसाला पुढे लावलं.

हौसा बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आली होती. मारुती गवंड्याची बायको. सहा-सात महिन्यांचं पोर लिंबाला बांधलेल्या झोळीत असायचं. दर दोन-तीन खेपांनी ती त्याला पाजून यायची. काम सुटेल या धास्तीनं कशालाच नाही म्हणायची नाही. मला ते आवडलं नाही. पण “तिला पुढे लावू नका” असं सांगायचं तर कारण द्यावं लागतं, आणि माझ्याकडे जे कारण होतं ते इतिहासाच्या शिक्षकानं तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. मी बापूला एवढंच म्हणालो, “हिला हलकी घमेली द्या.” तो म्हणाला, “सर, तुमी ढीग बगा, बाया मी बगतो.”

तो दिवस फार उन्हाचा होता. जेवणाची सुट्टी झाली. बायका लिंबाखाली बसल्या. हौसाचं एक घमेलं भरलेलं राहिलं होतं. “एवढं वतून येते, तवर त्येच्याकडं बगा,” असं गंगूबाईला सांगून ती एकटी निघाली. मी गोदामाच्या सावलीत वाचत बसलो होतो. ती जाताना मी बघितलं. नंतर पुस्तकात डोकं घातलं.

पोराच्या रडण्यानं मी वर बघितलं. गंगूबाई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, गुळाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी त्याच्या तोंडाला लावत होती, आणि ते चिंधी थुंकून टाकत होतं. इतरांच्या भाकरी संपत आल्या होत्या. हौसाचं फडकं बांधलेलंच होतं.

“हौसी कुटं हाय?” मारुती वाळूच्या ढिगामागून हात पुसत आला.

कुणालाच माहीत नव्हतं. राबिटाच्या ढिगाजवळ नव्हती. विहिरीवर नव्हती. विहीर म्हटल्यावर मारुती पळतच तिकडे गेला. तो आत वाकून बघून आला. बापू म्हणाला, “म्हायेराला पळाली आसंल रं. कालच्याला भांडला व्हतास न्हवं?” मारुती त्याच्या अंगावर गेला असता, पण पोर आणखी मोठ्यानं रडायला लागलं. तिचं माहेर माधवनगरच्या बाजूला. मारुती तसाच अनवाणी त्या रस्त्याला पळत सुटला.

मला माहीत होतं ती कुठे गेली असेल. कसं माहीत होतं ते विचारू नका.

बांधावर तुकाआबा भेटले. मी विचारायच्या आतच म्हणाले, “तुमची येक बाई आत्ता माज्या उसातनं ग्येली. डोईवर घमेलं. दोन हाका मारल्या, बगंना सुदीक.”

“कुठं?”

त्यांनी विळा नदीकडे केला.

मी उसात शिरलो. दोन्ही बाजूंनी माणसाच्या वर ऊस, मध्ये एका पायापुरती वाट, वारा बंद. हाक मारली तर आवाज पाल्यात अडकून बसत होता. ऊस संपला, तेव्हा पुढे उतारावर मला हौसा दिसली. शंभरेक पावलांवर. भरलेलं घमेलं, एक हात वर, सरळ पाठ. मी पळालो. खरंच पळालो, आणि तिच्या मागे पोहोचेपर्यंत माझा जीव जायची वेळ आली. “हौसाबाई! पोर रडतंय! परत फिरा!” ती थांबली नाही. वाट अरुंद, दोन्हीकडे काटेरी बाभळ, पुढे जाऊन आडवं उभं राहायला जागा नाही. तेव्हा मी तिच्या मागून चालू लागलो. खाली बघत, कारण वाटेत दगड होते. तिच्या टाचा माझ्यासमोर. भेगाळलेल्या, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या.

मग तिच्या टाचांच्या पुढे आणखी टाचा होत्या.

हे मला नीट सांगायला हवं. मी दचकलो नाही. मला वाटलं, बरं झालं, बाकीच्याही आहेत. इतकंच. त्या टाचांच्या पुढे आणखी, त्यांच्या पुढे आणखी. सगळ्या बायकांच्याच, धुळीनं भरलेल्या, एका ठेक्यात उचलणाऱ्या. वर बघावं असं मनात आलं नाही, कारण मान वर होईना. मानेवर वजन होतं. तेही मला नवल वाटलं नाही, वजन असतंच. पाण्याचा, शेवाळाचा वास यायला लागला. मी का आलो होतो ते मी विसरलो नव्हतो, फक्त ते दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे असं वाटत होतं. माझं काम चालायचं. पुढच्या टाचा थांबल्या की थांबायचं.

हौसा थांबली.

मी थांबलो नाही. तिथं बाभळी संपल्या होत्या, तिच्या बाजूनं पुढे निघालो, कारण पुढच्या टाचा चालतच होत्या. आणि कुणीतरी मागून माझ्या सदऱ्याला इतका जोराचा हिसका दिला की बटणं तुटली.

“आवं सर! तुमी कुटं निगालाय?”

मी वर बघितलं. दहा-बारा पावलांवर जमीन संपत होती. कृष्णेचा तो काठ सरळ तुटलेला आहे, खाली खोल डोह. काठापर्यंतची वाट पूर्ण रिकामी होती. आणि माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते... रिकामे, काहीतरी धरल्यासारखे. मला ते खाली घेता येईनात. हौसानं एकेक करून ते खाली घेतले, लहान मुलाचे घ्यावेत तसे. मग तिनं आपलं घमेलं तिथंच पालथं केलं, रिकामं घमेलं काखेत मारलं आणि पळत सुटली. मी “राहू द्या ते घमेलं” म्हणालो असेन, कारण ती पळता पळता ओरडली, “मुकादम माजं नरडं धरंल की!”

परत पोहोचलो तेव्हा रडून रडून पोराचा आवाज बसला होता. हौसानं त्याला पदराखाली घेतलं. मारुती माघारी आला, ती दिसल्यावर तिच्यासमोर उकिडवा बसला. बापूनं तोंड उघडलं होतं, गंगूबाईनं त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं.

मी तुकाआबांना गाठलं. म्हटलं, हे कसलं राबिट आहे तुमचं?

“राबिट?” ते म्हणाले. “राबिट कोन म्हनलं? राबता म्हनलो मी. राबता! येनं-जानं.”

“कुणाचं?”

“त्येच तर. कुनाचा ते ठावं न्हाई. आमच्या वडलांनी कदी त्या वाटंवर ऊस लावला न्हाई, म्हनून म्या बी न्हाई लावला. बाकी मला काय इचारू नगा, मी काय देवरुशी न्हवं.”

संध्याकाळी अण्णासाहेबांना सगळं सांगावं लागलं. ते घाबरतील असं मला वाटलं होतं. ते खूश झाले. त्यांच्या मते ही कुण्या सरदाराच्या स्वारीची वाट असणार, पालखी, भालदार-चोपदार वगैरे. तिथं एक छोटी घुमटी बांधावी, बाहेर कोनशिला बसवावी, त्यावर चेअरमनचं नाव. मी इतिहास शिकवतो म्हणून त्यांनी मला दुजोरा मागितला. हौसा पोराला घेऊन जवळच बसली होती. ती म्हणाली, “सरदार न्हाईत सायेब. बिगारी बाया हायत्या. आमच्यावानी.” अण्णासाहेबांना ते फारसं रुचलं नाही. बिगाऱ्यांच्या वाटेला कोनशिला कुठे शोभते? घुमटीचा विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवसापासून मी ढीग हलवायला घेतला. हे माझ्याच खात्यात होतं, त्यामुळे सभा बोलवावी लागली नाही. बैलगाड्या लावून सगळं राबिट पूर्वेकडच्या जोत्यांत भरलं, आणि तेवढी पट्टी मोकळी ठेवली. नकाशात ती बोळ म्हणून दाखवली आहे. सभासदांना वाटतं गटारासाठी सोडली. त्यानंतर कुणी ढिगापुढे थांबलं नाही, उसात गेलं नाही. माझी मान मात्र आठवडाभर दुखत होती, आणि टाळूवर मधोमध केस दबून चुंबळीएवढं गोल झालं होतं. बायकोनं तेल लावताना विचारलं, मी उशीचं काहीतरी सांगितलं.

मी यावर पुष्कळ वाचलं. ऊन डोक्यात गेलं की भास होतो. एका ठेक्यात चालणाऱ्याच्या मागे माणूस भारल्यासारखा चालतो. गंगूबाईचं बोलणं माझ्या मनात होतंच, तेच समोर दिसलं. हे सगळं मला पटतं. मला वर्गात कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

फक्त ढीग उचलून झाला त्या दिवशी मी हौसाला विचारलं होतं, की तू थांबलीस कशी? मैलभरावरून पोराचं रडणं ऐकू येणं शक्य नाही.

ती पोराच्या डोक्यावरचं टकुचं नीट करत म्हणाली, “मला कुटं ऐकू आलं? माज्या फुडं व्हती ती बाई थांबली. डोईवरचं घमेलं खाली ठिवलं आन् मागं वळली. म्हनली, ‘पोर रडतंय गं तुजं, जा माघारी.’”

“मग?”

“म्या इचारलं, तुजं कुटं हाय? तर म्हनली, ‘माजं आता रडत न्हाई.’ आन् घमेलं उचलून ग्येली.”

“कशी होती दिसायला?”

हौसानं थोडा विचार केला. “दमलेली,” ती म्हणाली, आणि पोर रडायला लागलं म्हणून उठून लिंबाखाली गेली.

इतकी वर्षं झाली, मी स्पष्टीकरण शोधतो आहे. अजून मिळालेलं नाही. ऊन लागलं, भास झाला, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण उन्हाच्या भासाला दुसऱ्या बाईच्या पोराची काळजी असते, असं मी अद्याप कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.